गोलमधला सोफा

जावयाने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कापलेला आणि शिवलेला सोफा दुकानाच्या मधोमध उभा होता. तो दंतवैद्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत जायचा होता, आणि दुपारी डॉक्टर स्वतः तो पाहायला येणार होते. सासऱ्यांनी अट सोपी ठेवली होती. सोफा डॉक्टरांना पसंत पडला तर चामडं कापायची मोठी कात्री जावयाची. नाही पडला तर पूर्वीसारखं जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटत बसायचं. सोफे मढवण्याच्या त्या दुकानात मोठ्या कात्रीला आजवर सासऱ्यांशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता.

काम वेळेआधी संपलं, इथेच घोटाळा झाला.

रिकामा वेळ मिळाला की या घरातली माणसं बर्फावरच्या हॉकीचे, चेंडूऐवजी रबरी चकतीने खेळतात त्या खेळाचे, संघ बांधत. संघ कागदावरचेच. आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा, कोणत्याही काळातला, हयात असो वा नसो. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. शेवटी कोणाचा संघ सरस, ते पंच ठरवणार. पंच म्हणजे सासऱ्यांची मुलगी, अर्थात जावयाची बायको. दोन्हीकडून सारखीच जवळची असल्यामुळे ती दोघांवर सारखाच अविश्वास दाखवत असे.

त्या दिवशी दोन्ही संघांत फक्त गोलकीपरची जागा उरली होती.

"टाकेवाला माझा," सासरे म्हणाले.

टाकेवाला हा फार जुन्या काळचा गोलकीपर. मुखवटा न घालता उभा राहायचा आणि मोसम संपेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर टाके घालायला जागा उरत नसे.

"खुशाल घ्या, बाबा," जावई म्हणाला. "पण आजच्या खेळात पहिल्याच चकतीला त्याचा भुगा होईल. मी कपाट घेतो."

कपाट हा आत्ताचा. तो अंगावरच्या जाडजूड पॅडांसकट गोलसमोर उभा राहिला की मागची जाळी दिसतच नसे.

"जावईबापू, तुमच्या त्या कपाटाच्या अंगावरच्या गाद्या काढा. आत एक हँगर सापडेल."

टाकेवाल्याबद्दलचं बोलणं सासऱ्यांना झोंबायला कारण होतं. तरुणपणी ते स्वतः गावच्या संघाचे गोलकीपर होते. पुढचे दात त्यांनी तिथेच सोडले होते. आत्ताचे दात याच दंतवैद्यांनी बसवलेले होते. पायाला बांधायची त्यांची चामडी पॅडं, आत घोड्याचे केस भरलेली, अजून कामाच्या मेजाच्या वर भिंतीला टांगलेली होती. "माझ्या हातची शिवण आहे," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, न विचारता, सांगत.

"थांबा दोघंही," मुलगी म्हणाली. "माणूस भारी की गाद्या भारी, हे कळल्याशिवाय मी निकाल कसा देऊ?"

प्रश्न अगदी वाजवी होता. तोच धोका होता.

"दोन्ही अंगावर घालूनच बघायला हवं," जावई हळूच म्हणाला. "जुनी पॅडं भिंतीवर आहेत. नवी कुठून आणायची?"

तिघांनीही एकाच वेळी सोफ्याकडे पाहिलं.

"कुशनं सुटीच तर आहेत," मुलगी म्हणाली. "परत ठेवली की झालं."

"डॉक्टर यायचेत अजून," सासरे म्हणाले. दुकानाचे मालक म्हणून हा त्यांनी केलेला एकमेव विरोध.

थोड्याच वेळात सासऱ्यांच्या पायांना बसायची दोन कुशनं आणि छातीला पाठीचं कुशन बांधलं गेलं. सोफ्याला ताणून मारायची जाड कापडी पट्टी दुकानात मुबलक होती आणि जावयाने गाठी मारताना हात राखला नाही. गोल हवा म्हणून सोफ्याचा रिकामा सांगाडा पाठीवर आडवा केला. चकती म्हणून सोफ्याच्या पायाखाली बसवायची काळी रबरं आली. मुलीने पंचाचं काम सोडून एक लाकडी पट्टी उचलली. डॉक्टरांचा सोफा अशा रीतीने पूर्ण कामाला लागला. बसायला तेवढा तो शिल्लक नव्हता.

"मार गं," सासरे म्हणाले.

तिने मारलं. रबर कुशनवर आपटलं आणि खाली पडलं. दुसरं पडलं, तिसरंही पडलं. सासरे वाकले नाहीत, हलले नाहीत. एक रबर आलं तेव्हा ते चष्मा पुसत होते, तेही अडलं.

"अरे, मी काहीच करत नाहीये!" ते ओरडले. स्वरात तक्रार होती, पण चेहरा वाढदिवसाचा होता. "आणखी मार. जोरात मार!"

"बाबा, आता माझी पाळी," जावई म्हणाला.

सासऱ्यांच्या गाठी सुटेनात. म्हणून ते कुशनांसकट बाजूला सरकले आणि जावयाने भिंतीवरची जुनी पॅडं बांधली. ती त्याच्या गुडघ्यांपाशीच संपत होती. तोंडावर काही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपली बायको नेम धरताना कशी दिसते हे त्याने आजवर नीट पाहिलेलं नव्हतं.

पहिलं रबर कानाजवळून गेलं. जावई खाली बसला.

"डोळे उघडे ठेव की!" बायको म्हणाली.

"ते आपोआप मिटतायत!"

"आमचेही मिटायचे," सासरे म्हणाले. "उघडायला एक मोसम लागला."

दुसऱ्या रबराला त्याने डोळे उघडे ठेवले. रबर खालून आलं, त्याने पाय आडवा घातला, आणि ते अडलं. अंगातून काहीतरी सर्रकन गेलं. जावई हसायला लागला, आणि त्याच वेळी पॅडची शिवण टरकन उसवली. कित्येक वर्षं आत कोंडलेले घोड्याचे केस दुकानभर उडाले.

दारात दंतवैद्य उभे होते.

"माझा सोफा बघायला आलो होतो," ते म्हणाले.

"या ना, डॉक्टर," सासरे म्हणाले. "हा काय, आलाच." आणि स्वागताला पुढे व्हायला गेले. कुशनला कुशन अडलं, ते पाठीवर पडले आणि उलट्या कासवासारखे तिथेच राहिले.

जावयाला मोठी कात्री मनातल्या मनात दूर जाताना दिसली.

डॉक्टर खाली बसले. हिरडी तपासावी तसं त्यांनी सासऱ्यांच्या पायावरचं कुशन अंगठ्याने दाबलं. मग शिवणीवरून नख फिरवलं, पार टोकापर्यंत.

"किती वेळ चाललंय हे?"

"बराच," मुलगी म्हणाली. "मी काही हळू मारत नाही."

"ते दिसतंय. रबराचे डाग पुसले जातील?"

"लगेच!" जावई म्हणाला.

"माझ्याकडे लोक सोफ्यावर बसत नाहीत हो, सोफा घट्ट धरून ठेवतात. मागचा त्यांनी वर्षभरात फाडला. याचा एक टाका हललेला नाही." त्यांनी वर पाहिलं. "कोणी शिवलाय?"

सासरे छताकडे बघत पडले होते.

"जावईबापूंनी," ते म्हणाले.

"आणि ते फाटलेलं?"

सासऱ्यांनी छत पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.

"ते मी."

डॉक्टरांनी सोफा आहे तसाच दवाखान्यात पाठवायला सांगितलं. फक्त आधी त्यातून सासऱ्यांना काढायचं होतं. पट्टी कापावी लागली. सासऱ्यांनी पडल्यापडल्याच मोठी कात्री जावयापुढे धरली. "तुम्हीच कापा. आणि परत देऊ नका."

सोफा गेल्यावर मुलीने पंचाची खुर्ची पुन्हा घेतली. "टाकेवाला, कपाट. दोन्ही रद्द. नव्याने निवडा. बाबा, तुम्ही आधी."

सासरे घसा खाकरून म्हणाले, "कपाट."

जावयाने सुटकेचा श्वास टाकला. "मग टाकेवाला माझा."

दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

"त्याचा पहिल्याच चकतीला भुगा होईल," सासरे म्हणाले.

"आणि तुमच्या कपाटाच्या गाद्या काढल्या, की आत हँगर!"

"हे भांडण मी सकाळी ऐकलंय," मुलगी म्हणाली. "फक्त आवाज बदललेत."

सासऱ्यांनी फाटकं पॅड मेजावर, नव्या कात्रीवाल्यापुढे ठेवलं.

"हे आधी शिवा."

"आत केसच भरू ना, बाबा?"

सासऱ्यांनी बराच विचार केला. "एका पायात केस भरा, दुसऱ्यात फोम. आणि डॉक्टरांना सांगा, पुढच्या वेळी दात बसवायची हत्यारं घेऊनच या."