दोघांच्या सहलीची पूर्वपाहणी

सहलीला जाण्याआधी सहलीच्या जागेची पाहणी करावी, यात कुणी आक्षेप घ्यावा असं काही नाही. निदान या गोष्टीतल्या नवऱ्याला तरी प्रामाणिकपणे तसंच वाटत होतं. माणूस प्रामाणिकपणे केवढा मोठा गाढवपणा करू शकतो, हे मात्र त्याच्याकडे बघून कळतं.

तो सरकारी कठडा निरीक्षक होता. जिने, गॅलऱ्या, पूल, गच्च्या, जिथून म्हणून माणूस पडू शकतो तिथे जायचं, कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा आणि 'हलतो' किंवा 'हलत नाही' असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. 'किंचित हलतो' असाही एक शेरा होता, पण त्यावर वरिष्ठांची सही लागायची, म्हणून त्याच्या हद्दीत एकही कठडा किंचित हलत नसे. मागे एका सहकाऱ्याने ऑफिसात खुर्चीत बसूनच एका कठड्याला 'हलत नाही' असं लिहून टाकलं होतं. शेरा खरा निघाला, कारण त्या जागी कठडाच नव्हता. तेव्हापासून 'प्रत्यक्ष पाहणीविना शिफारस नाही' ही पाटी ऑफिसच्या भिंतीवर लागली, आणि आपल्या निरीक्षकाच्या तर ती रक्तातच भिनली. स्वतःच्या लग्नात सगळे शुभेच्छा द्यायला रांगेत उभे असताना हा गडी खाली वाकून स्टेज हलवून बघत होता.

बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिच्या मागण्या आटोपशीर असत. सातवा महिना लागला तेव्हा तिने पहिली आणि शेवटची मागणी केली. सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून ती बसली होती. घर दोन खोल्यांचं. एकीत सासूबाई, दुसरीत हे दोघं आणि येणाऱ्या बाळाचं सामान. सामानच एवढं येऊन पडलं होतं की बाळ आल्यावर या दोघांपैकी एकाला बाहेर झोपावं लागणार हे उघड होतं.

"दोन दिवस कुठेतरी जाऊ या," ती म्हणाली. "आपण दोघंच. एकदा का हे आलं, की मग दोघंच असं कधी असणार आपण? मला तुझ्याशी बोलायचंय. बाळाविषयी नाही, डॉक्टरविषयी नाही. नुसतंच."

त्याला भरून आलं. अगदी खरंच आलं, त्याबद्दल शंका नको. त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं. घोटाळा एवढाच, की प्रेमाची आणि ऑफिसची त्याच्याकडे पद्धत एकच होती.

"याला हल्ली बेबीमून म्हणतात," तो डोळे पुसत म्हणाला. ऑफिसातल्या सगळ्यांनी तसे फोटो काढले होते. पोटावर चार हात ठेवून दोघांनी सूर्यास्ताकडे बघायचं, असा तो फोटो असे. सूर्यास्त पाठीमागे होत असला तरी समोर बघायचं.

"काय म्हणायचं ते म्हण. लग्न ठरल्यावर आपण तळ्याकाठी गेलो होतो ना, तिथलं ते गेस्ट हाउस. तिथेच जाऊ. येत्या शनिवारी."

झालं की! जागा ठरली, दिवस ठरला, बायको तयार. खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण तो म्हणाला, "चालेल की. फक्त मी एकदा बघून येतो."

"काय बघून येतोस? बघितलेलंच आहे ते."

"तेव्हा तू दोन जिवांची नव्हतीस," तो म्हणाला, आणि आपण किती काळजीवाहू नवरा आहोत या विचाराने त्याला पुन्हा भरून आलं.

मग येत्या शनिवारी तो एकटाच तळ्याकाठी गेला. मुक्कामाला गेला, कारण पलंग हा रात्रभर वापरल्याशिवाय आपलं खरं रूप दाखवत नाही. रविवारी संध्याकाळी परतला तो टवटवीत होऊन.

"नापास," त्याने दारातूनच जाहीर केलं. "व्हरांड्याचा कठडा हलतो. बाथरूमला उंबरा आहे, तुझा पाय अडखळेल. गादी मात्र काय होती म्हणून सांगू! अशी झोप मला वर्षभरात लागली नव्हती."

बायकोचे डोळे लाल होते. कांदा चिरला असेल, असं त्याला वाटलं. कांद्याची प्रत्यक्ष पाहणी त्याने केली नाही.

पहिल्या पाहणीत दोष काढला तो सासूबाईंनी. "खोली दोघांची, आणि तू बघायला गेलास एकटा," त्या मुलाला म्हणाल्या. "एकट्याला कुठलाही पलंग मोठाच वाटणार. हे काय बघणं झालं?"

मुद्दा बिनतोड होता. त्याने बायकोकडे बघितलं आणि लगेच मान हलवली. "तुला तर नेता येणार नाही. जागा अजून पास झालेली नाही. पास न झालेल्या जागी गरोदर बाईला नेणारा मी काय राक्षस आहे?"

"म्हणजे मला न्यायचं की नाही, हे ठरवण्यासाठी मला नेता येत नाही," बायको हळूच म्हणाली. गणिताच्या बाईंना असं कोडं पूर्वी पडलं नसावं. मग तिने खिडकीबाहेर बघितलं, घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "आईंना ने ना."

पुढच्या शनिवारी मायलेक डोंगरावरच्या एका हॉटेलात दाखल झाले. नावनोंदणी बेबीमूनची होती, त्यामुळे दाराशी फुलं, पलंगावर फुलं, आंघोळीच्या पाण्यातही फुलं. मॅनेजर आधी निरीक्षकाकडे बघत राहिला, मग त्याच्या आईकडे, आणि मग नोकरी टिकवायची असल्यामुळे छताकडे.

"होणाऱ्या आईसाठी पायांचं मालिश आहे पॅकेजमध्ये," तो छताला म्हणाला.

"आई, ते आपल्यासाठी नाही," निरीक्षक कुजबुजला.

"का नाही? मीही होते की एकदा होणारी आई. तेव्हा कुणी पाय दाबले होते माझे? तुझ्या बाबांनी?" आणि सासूबाई चपला काढून मालिशच्या खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा.

परतल्यावर त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेना. हवा अशी, चादरी तशा, आणि तो मालिशवाला म्हणजे तर देवमाणूस. कठडा हलत नव्हता, उंबरा नव्हता. निरीक्षक खुशीत येऊन 'पास' म्हणणार, एवढ्यात बायकोने अगदी सहज विचारलं, "आई, येताना घाटात धक्के जाणवले का हो?"

"छे गं. मी डाराडूर झोपले होते."

"तुम्हाला कसे जाणवणार म्हणा," बायको म्हणाली, "तुम्हाला पोट कुठंय?"

निरीक्षक चपापला. चाचणीच चुकीच्या माणसावर झाली होती! अशा चाचणीवर शिफारस करायची म्हणजे खुर्चीत बसून शेरा मारल्यासारखंच की. त्याने बायकोकडे अशा कौतुकाने बघितलं, की बस. खात्याला अशी माणसं मिळायला हवी होती.

तेव्हा तिसऱ्या पाहणीला तो निघाला तो पोटावर पिठाची पिशवी बांधून. पिशवी बायकोनेच बांधून दिली. गाठ पक्की आहे ना हे तिने ओढून बघितलं, त्याचा शर्ट सारखा केला आणि आईंची बॅग स्वतः दारापर्यंत आणून ठेवली. आईंना न्यायचं कारण असं, की आता त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

घाट नको म्हणून या खेपेला समुद्रकाठचं एक हॉटेल निवडलं होतं, आणि तिथल्या नोकरांचं शिक्षण फार वरच्या दर्जाचं होतं. पाहुण्याच्या कुठल्याही गोष्टीचं आश्चर्य वाटू द्यायचं नाही, असं तिथे शिकवलेलं असावं. काउंटरवरच्या मुलीने त्याच्या पोटाकडे बघितलं, हसली आणि विचारलं, "कितवा महिना, सर?"

"आठवा लागला," तो म्हणाला. आता एवढ्या मायेने विचारल्यावर 'पीठ आहे' असं कोण सांगणार?

मग काय विचारता! त्याला बॅग उचलू देईनात. पायऱ्या आल्या की दोन्हीकडून दोन हात पुढे येत. जेवताना पाठीला उशी. जो येईल तो विचारी, "त्रास होत नाही ना?" तसं त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसात कठडा हलतो का एवढंच विचारत, तो हलतो का हे कुणीच विचारत नसे. खिडकीशी उभं राहून, पिशवीवर हात फिरवत, समुद्राकडे बघत तो चक्क रडला. हॉटेलच्या फोटोग्राफरने तो क्षण बरोबर टिपला. पोटावर चार हात, त्यांतले दोन आईचे, आणि समोर सूर्यास्त. ऑफिसातल्या सगळ्या फोटोंत सूर्यास्त खरोखर समोर असलेला तो एकटाच फोटो ठरला.

जागा उत्तमच होती, पण बाथरूममध्ये धरायला दांडा नव्हता. तो बसवा, मग येऊन बघतो, असं तो बजावून आला. त्यांनी बसवला. तो पिशवीसकट पुन्हा गेला. दांडा किंचित हलत होता, आणि वरिष्ठांची सही आणायची कुठून? तेव्हा घट्ट करायला लावला आणि आणखी एकदा गेला. दर वेळी बायको त्याला निरोप द्यायला जिन्यापर्यंत येई. सासूबाईंची बॅग तर आता रिकामी केलेलीच नसे. बाळाच्या सामानाशेजारी ती भरलेली तयार उभी असे.

शेवटच्या फेरीत त्याने तो दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव लावून हलवला. नाही हलला! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्याने पिशवी सोडली आणि ओरडला, "पास! चल, उद्याच निघू!"

"उद्या डॉक्टरांकडे जायचंय," बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हात धुता धुता म्हणाल्या, "प्रवास? अहो, नववा लागून किती दिवस झाले! आता प्रवास एकच, घरापासून इथपर्यंतचा." मग त्यांनी निरीक्षकाकडे निरखून बघितलं. "तुमची तब्येत मात्र छान सुधारली हो. चेहऱ्यावर तेज आलंय."

घरी आल्यावर तो गॅलरीतल्या खुर्चीत मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "तू एकच गोष्ट मागितलीस माझ्याकडे. दोन दिवस. तेही मी घालवले. आता आपण दोघंच असे पुन्हा कधी असणार?"

सासूबाई आत समुद्राकाठच्या गोष्टी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. बायको त्याच्या शेजारच्या खुर्चीत सावकाश टेकली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "माझं बेबीमून झालं."

"कधी?"

"तू पहिल्यांदा एकटा गेलास ना, तेव्हा मी दिवसभर रडले. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा तू आईंना घेऊन गेलास. दार लावलं आणि मी झोपले, ती पार संध्याकाळी उठले. कुणी उठवलं नाही, कुणी काय खाल्लंस विचारलं नाही, कुणी कशाला हात लावून हलवून बघितलं नाही. गरम चहा गरमच प्यायले. आणि तिसऱ्यांदा..." ती थांबली.

"तिसऱ्यांदा काय?"

"तिसऱ्यांदा शुक्रवारपासूनच वाट बघत होते. म्हणून तर गाठ इतकी पक्की मारली."

आता चिडावं, हसावं की पुन्हा रडावं, यासाठी त्याच्याकडे शेरा नव्हता.

"आणि मग तुला माझ्याशी जे बोलायचं होतं ते?" त्याने शेवटी विचारलं.

"ते अजून आहे," ती म्हणाली. "आजची संध्याकाळ आहे, उद्याची असेल कदाचित. इथेच बस. काही बघू नकोस, नुसता बस. मी बोलते."

तो बसला. खरोखर मनापासून बसला. ती बोलायला लागली, आणि ऐकता ऐकता त्याचा हात, सवयीचाच हो, समोरच्या कठड्यावर गेला.

कठडा हलला.

त्याने घाबरून दुसरा हात लावला. किंचितबिंचित नाही, चांगला गदागदा हलला. त्याच्या स्वतःच्या घरचा कठडा, ज्याला धरून वर्षभरात एक पोर उभं राहायला शिकणार होतं.

"हा कधीपासून हलतोय?"

"आपण राहायला आलो तेव्हापासून," बायको म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला. तू पाहणीला निघाला होतास." आणि तिने तिचं बोलणं, जिथे तुटलं होतं तिथे, तसंच सोडून दिलं.

तुम्ही हसताय, ते ठीक आहे. पण ही गोष्ट वाचायला घेतल्यापासून घरात तुम्हाला कुणी एकदाही हाक मारलेली नाही, हे ध्यानात आलं का? तुम्हाला वाटतंय, आपण किती निवांत वाचत बसलोय. जरा उठून आत डोकावून या, निवांत नेमकं कोण बसलंय ते बघायला.