दामूआबांचा वळसा

भर उन्हात, कोरड्या डांबरावर, बुडायला घाबरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या उमेळ्यात आहे. दामूआबा. आमच्या बिल्डिंगमागे त्यांची उरलीसुरली वाडी आहे, दोन रांगा केळी आणि एक सोनचाफा. नाक्यावर जायची त्यांची वाट आमच्या पार्किंगमधून. सरळ गेलं तर वीस पावलं. आबा मात्र कुंपणाच्या कडेकडेने मोठा अर्धगोल घेतात. कारण पार्किंगच्या जागी पूर्वी त्यांच्या वाडीचं बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं. भावकीने जागा विकली, बावखल बुजलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

वॉचमन नवा होता तेव्हा म्हणाला, "काका, सीधा जाओ ना. रास्ता खाली है."

"मला पोहता येत नाही," आबा म्हणाले आणि वळसा पुरा केला.

पत्ता सांगायची तऱ्हाही तीच. कुरिअरवाल्याला सांगतात, "रहाटापासून डावीकडे वळ, मग चिंच लागेल." मग तो बिचारा मला फोन करतो.

मी म्हटलं, "आबा, मेडिकलसमोर म्हणा की."

"मेडिकल उद्या उठून जाईल, पोरी."

"आणि चिंच? ती तर गेलीच ना?"

"म्हणून तर. आता ती कुठे जाणार?"

उरलेली बावखलं वाचवा, म्हणून मी एक जळजळीत पत्रक काढलं. पहिली प्रत आबांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यातच चाफा बांधून त्यांनी मला परत दिला. "कागद चांगलाय तुझा. फुलं टिकतात." मी चिडले. बावखलात भराव पडत होता तेव्हा हा माणूस गप्प बसला, आणि आता डांबराला प्रदक्षिणा घालतो.

गेल्या गणपतीत यमूताई आल्या. आबांची थोरली बहीण. राहतात डहाणूला. काचबिंदूने दोन्ही डोळे केव्हाच गेलेत. लहानपणी आबा बावखलात बुडत होते, तेव्हा यांनीच केसांना धरून त्यांना वर ओढलं होतं. आबांच्या खांद्यावर हात ठेवून त्या वळशावरून चालत होत्या.

"पाणी काठाला आलं असेल ना रे, दामू?"

"आलंय. कडेने चल."

तेव्हा मला कळलं, आबा हा वळसा वर्षभर का घोटतात. बावखल बुजलं, हे ताईंना सांगायचा धीर त्यांना झालाच नव्हता.

मीही त्यांच्या मागोमाग वाडीत गेले. आबा चहा टाकायला घरात गेले. ताईंनी माझा हात चाचपून धरला.

"पत्रकवाली ती तूच ना? त्याला सांगू नकोस हं. चपलेखाली माती की डांबर, एवढं कळतं मला. पण पाण्याचं विचारलं की त्याचा आवाज कसा खुलतो. म्हणून विचारते."

यंदा सोसायटीने नेमक्या त्या वळशावर गाड्यांचे पट्टे आखलेत. म्हणून हे दुसरं पत्रक. आबा पत्रकं वाचत नाहीत, त्यात चाफा बांधतात, तेव्हा बिनधास्त लिहिते. मागणी एकच. गौरी येतात त्या दिवशी ताई येतात. तेवढा एक दिवस कुंपणालगत गाडी लावू नका. आणि तुम्हालाही तिथून जायचं असेल, तर कडेने जा.