बुरुलच्या वेणीला चरबी

गुडघ्यांसाठी पोहा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बुरुलच्या वेणीचे वाईट दिवस सुरू झाले. बिश्केकच्या पोहण्याच्या तलावात क्लोरीन जरा सढळ हातानेच टाकत. बघता बघता कमरेपर्यंतच्या वेणीचा झाडू झाला. त्यात आज संध्याकाळी थोरल्या मुलाच्या होणाऱ्या सासरी जेवायला जायचं होतं.

तिचा नवरा मेदेर यात लक्ष घालायचं ठरवून बसला. (कचेरीत त्याला कुणी काही विचारत नसे, त्यामुळे सगळे निर्णय घरीच घ्यावे लागत.) मेंढपाळ बुटांत पाणी जाऊ नये म्हणून चरबी चोळतात, मग केसांनी काय घोडं मारलंय? त्याने ओश बाजारातून मेंढीच्या शेपटीची चरबी आणली, वितळवली, वासासाठी मूठभर पुदिना टाकला आणि बायकोला म्हणाला, "बस, आज मी तेल लावून देतो."

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"बस तर खरी."

ती बसली. मेदेरने वेणी सोडून मुळापासून टोकापर्यंत चरबी जिरवली.

"कसलं तेल आहे हे?"

"डोंगरातलं." (मेंढी डोंगरातलीच होती, तेव्हा हे खोटं नव्हतं.)

वर रबरी टोपी चढवून बुरुल तलावात उतरली. मेदेर बाहेर बाकावर समाधानाने पेपर वाचत बसला. थोड्या वेळाने तलावाची देखरेख करणारी दांडगी बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बुरुलबाईंचे यजमान तुम्हीच का?"

"हो."

"पाण्यावर तवंग आलाय. बायका विचारताहेत, आज सूप आहे का."

"आणि बुरुल?"

"त्यांनी टोपी काढली, पण केस टोपीच्याच आकारात उभे आहेत. चरबी गोठलीय. त्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी गरम पाणी बंद."

मेदेरने पेपर बाकावरच टाकला. तो बायकांच्या खोलीच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाला, "बुरुल, फार रागावलीस का गं?"

आतून दहा-बारा बायकांचं हसणं आलं आणि पाठोपाठ हुकूम, "किटली तापवून आणा."

मेदेर किटल्या वाहू लागला. कुणी शाम्पू दिला, कुणी थर्मासमधलं उकळतं पाणी ओतलं, एका म्हातारीने तर आपला रेशमी रुमाल केस पुसायला दिला. मधल्या वेळात त्या दांडग्या बाईने मेदेरच्या हाती जाळी देऊन तवंग काढायला लावला आणि वर शिकवलं, "पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चांगले भिजवायचे. भिजलेला केस क्लोरीन पीत नाही. मग दोन थेंब तेल आणि टोपी. दोन थेंब."

मेदेरने तिचे मनापासून आभार मानले. त्या म्हातारीचेही मानले. दिसेल त्या बाईचे मानले.

बुरुल बाहेर आली तेव्हा तिचे केस मऊ, काळेभोर चमकत होते.

"मला पहिल्या बोटालाच कळलं होतं," ती म्हणाली. "सगळा जन्म त्या चरबीत पुलाव शिजवतेय मी."

"मग गप्प का बसलीस?"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतात तुम्ही. मध्येच थांबवू?"

मेदेरने तिची पिशवी आपल्या हाती घेतली.

संध्याकाळी होणाऱ्या विहीणबाई, सेयिल, वाढता वाढता थांबल्या. "केसांना काय लावता हो तुम्ही? किती सुंदर आहेत."

"ह्यांनीच लावून दिलं," बुरुल म्हणाली. "सगळं श्रेय ह्यांचं."

मेदेर गहिवरला. एवढं श्रेय त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. त्याने उठून डोक्यावरची पांढरी लोकरी टोपी काढली, हात छातीशी नेला आणि विहीणबाईंपुढे अदबीने मान लववली. दिव्याखाली त्याचं टक्कल लखलखलं.

सेयिलबाईंनी ते नीट निरखून पाहिलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "म्हणजे आधी स्वतःवर करून पाहिलंत तर."