डबीची सेवानिवृत्ती

इस्पितळाच्या औषध भांडारातला तंत्रज्ञ गेली नऊ वर्षं तात्पुरता होता. इतका, की सगळे त्याला 'तात्पुरते' याच नावाने हाक मारत आणि तोही बिनतक्रार ओ देई. दर वर्षी करार संपे आणि दर वर्षी तेच उत्तर मिळे: कायम करायला जागा नाही. अशात मोठ्या साहेबांनी साबणाच्या डबीएवढा एक संगणक त्याच्या हातावर ठेवला.

"लसींच्या फ्रिजचं तापमान दर तासाला माझ्या टेबलावर दिसलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत. मग तुमच्या कराराचं बघू."

डबी फ्रिजला जोडली गेली आणि मुकाट्याने तापमान मोजू लागली. फक्त वायफाय तिला उंबरठ्याशी उभं करीना. तिथलं वायफाय घरच्यासारखं एका पासवर्डवर सगळ्यांना आत घेणारं नव्हतं. ज्याने त्याने आपला कर्मचारी क्रमांक आणि आपला पासवर्ड द्यायचा. हजेरीसुद्धा त्यावरच लागे.

"माझाच नंबर देतो की तिला," तात्पुरते संगणक विभागाच्या बाईंना म्हणाले.

"एका नंबरावर एकच यंत्र. तुमचा फोन तरी चालेल नाहीतर डबी तरी. तिला तिचा नंबर आणा."

नंबर देणं हे आस्थापना शाखेच्या बडेबाबूंचं काम. बडेबाबूंनी तीस वर्षांत एकही अर्ज अर्धवट स्वीकारला नव्हता आणि डबीसाठी ते नियम वाकवणार नव्हते.

"नाव?"

"डबी."

"वडिलांचं नाव?"

"अहो, यंत्र आहे ते."

"रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही."

तात्पुरत्यांनी नाइलाजाने स्वतःचं नाव सांगितलं. जन्मतारीख म्हणून दुकानाच्या पावतीवरची तारीख पडली.

"नेमणूक कायम की करारावर? करार असेल तर शेवटची तारीख सांगा."

"शेवट कसला? चालेल तोवर चालेल."

"म्हणजे कायम," बडेबाबूंनी बटण दाबलं. बाप नऊ वर्षं लटकलेला आणि लेकरू पाच मिनिटांत कायम झालं. तात्पुरत्यांना मनापासून वाईट वाटलं, पण रडायला शुक्रवारनंतरही वेळ होता.

नंबर मिळाला, पासवर्ड मिळाला, तरी डबी आत जाईना. तात्पुरत्यांनी पासवर्ड बारा वेळा टाकला, बाईंनी दोनदा बदलून दिला. शेवटी गुरुवारी दुपारी डबीला पडदा जोडून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. तिच्यात घड्याळापुरतीही बॅटरी नव्हती. चालू केलं की तिच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडे. वायफाय आपल्या ओळखीचं प्रमाणपत्र पुढे करी आणि डबी म्हणे, हे तर अजून छापलंच गेलेलं नाही, मी विश्वास ठेवू कसा?

"मग वेळ नेटवरून घे म्हणावं," बाई म्हणाल्या.

"नेटवर जायला वेळ बरोबर हवी, आणि वेळ बरोबर व्हायला नेट हवं."

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसलं प्रकरण दिसतंय."

तात्पुरत्यांनी मनगटावरचं घड्याळ बघून हातानेच वेळ लावली. डबी क्षणात आत गेली आणि साठवून ठेवलेल्या सगळ्या नोंदी तिने एका दमात पाठवल्या. साहेबांच्या टेबलावर चार अंश झळकलं. साहेब चक्क हसले.

शुक्रवारी सकाळी टेबलावर काहीच नव्हतं. साहेबही हसत नव्हते. तात्पुरते धावत बाईंकडे गेले.

"डबीचं खातं बंद झालंय," बाई म्हणाल्या. "कारण लिहिलंय, सेवानिवृत्त."

डबीने आपल्या नंबरावरून पाठवलेली पहिली नोंद १९७० सालची होती. हजेरीच्या संगणकाने तोच तिच्या रुजू होण्याचा दिवस धरला, पन्नासहून जास्त वर्षं सेवा मोजली आणि तिला रीतसर निरोप दिला.

"पण ती जन्मली गेल्या महिन्यात," तात्पुरते बडेबाबूंना विनवत होते. "जन्माआधी पन्नास वर्षं नोकरी कशी करेल?"

"संगणकाने मान्य केलंय. आपण कोण?" बडेबाबूंनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "तात्पुरते, खुर्ची घ्या."

नऊ वर्षांत बडेबाबूंनी त्यांना प्रथमच बसायला सांगितलं होतं. तात्पुरत्यांना वाटलं, संपलं सगळं.

"भांडारात एक कायम जागा रिकामी झालीय. संगणक म्हणतोय, महिन्याच्या आत भरा. अनुभव हवा पाच वर्षांचा. तुमचा किती?"

तात्पुरत्यांनी नऊ बोटं दाखवली.

"बापाच्या जागेवर पोरगा चिकटलेला पुष्कळदा पाहिलाय," बडेबाबू अर्ज भरता भरता म्हणाले, "पोराच्या जागेवर बाप लागतोय हे पहिल्यांदाच."

"आणि डबी? साहेबांना तापमान हवंय."

"निवृत्तांना करारावर घेता येतं. मार्चअखेरची तारीख टाकतो."

दुपारी चार अंश पुन्हा झळकलं. संध्याकाळी तंत्रज्ञ कायमपणाचा कागद खिशात जपत जिना उतरत होता, तेवढ्यात मागून बाईंची हाक आली, "तात्पुरते!" सवयीने त्याने ओ दिली.

"ते आता तुम्ही नाही हो," बाई म्हणाल्या. "फ्रिजकडे बघून या जरा, चालू आहेत ना आमचे नवे तात्पुरते?"