आक्काचं ऑपरेशन आणि गच्चीवरची वायर

नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी आक्काच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती होती दूर तिच्या लेकाकडे. "मला आत नेण्याआधी तू समोर दिसायला हवास," असं तिने बजावलं होतं. "दिसणारच," मी म्हणालो.

तिला चारला आत नेणार होते. साडेतीनला व्हिडिओ कॉलसाठी कॉम्प्युटर लावला, तर इंटरनेट गायब. मुलगा आणि सून कामावर.

"कंपनीला फोन लावा," बायको म्हणाली.

"कंपनी कशाला? जन्मभर नळ जोडले मी. पाणी येत नसेल तर टाकीपासून बघत यायचं. इंटरनेटही पाइपातूनच येतं."

"पाइप नाही तो, वायर आहे."

"म्हणजे बारीक पाइप."

पाना-पक्कड घेऊन मी गच्ची गाठली. वायर कठड्यावरून एका पेटीत शिरत होती. पेटी उघडली, तर न्हाणीच्या जाळीत केस अडकावेत तसा वायरींचा गुंता. प्लंबरचा पहिला नियम, कामाआधी मेन बंद. सगळ्यांत जाड वायर तीच मेन असणार. आटे फिरवून ती सोडवली आणि सवयीने तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली.

"अहो, काय केलंत?" खालून बायको ओरडली.

धापा टाकत ती वर आली. घरातल्या इंटरनेटच्या खोक्याची पिन भिंतीत सैल बसली होती. मी वर असताना तिने ती दाबली, दिवे लागले, आक्का दिसलीसुद्धा. "वन्सं म्हणाल्या, तो कुठाय? मी म्हटलं, आणते बोलावून. तेवढ्यात गेल्या त्या."

"गेल्या?"

"पडद्यावरून हो!"

मी घाईने वायर पुन्हा बसवली, घट्ट आवळली. पेटी ढिम्म. जिन्यात पावलं वाजली. तळमजल्यावरचा शिंपी आणि शेजारच्या शिकवणीच्या बाई.

"तुमचंही गेलंय का?" बाईंनी विचारलं. मग त्यांना माझ्या हातातली पक्कड दिसली, मग उघडी पेटी.

बायकोने दोघांना आक्काचं सांगितलं. शिंप्याने खिशातून मोबाइल काढला. "काका, याचं इंटरनेट वेगळं आहे. आधी बहिणीशी बोला. शिव्या मग देतो."

बायकोने भाच्याचा नंबर सांगितला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. शिंप्याने पुन्हा लावला. चौघंही त्या एवढ्याशा काचेवर वाकून उभे. बाई पुटपुटल्या, "उचल रे बाबा."

भाच्याने उचलला. आक्का ढकलगाडीवर झोपलेली, डोक्याला हिरवी टोपी.

"कुठे होतास रे? तुझी बायको बोलता बोलता नाहीशी झाली. मला वाटलं, भूल दिली."

"मीच केलं ते, आक्का. दुरुस्ती करत होतो."

"नळाची?"

"इंटरनेटची."

आक्का हसायला लागली. हसता हसता ठसका लागला. नर्स रागावली, गाडी हलली. "आता कशाला हात लावू नकोस," एवढं ऐकू आलं आणि दार बंद झालं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस गच्चीवर आला. "या पेटीत हात कोणी घातला?" त्याने विचारलं. शिंप्याने आभाळाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग मीही पाहिलं.

आक्का त्यानंतर तीन वर्षांनी, हिवाळ्यात, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर वारली.