आठवा विद्यार्थी

मारोतराव ढोबळ्यांना कुठेही सात माणसं एकत्र दिसली की चैन पडत नसे.

एकदा ओळखीच्या एका गृहस्थांना पोचवायला आम्ही दोघं घाटावर गेलो होतो. पलीकडे लाकडं रचणं चाललं होतं आणि अलीकडे बाकावर घरची मंडळी मान खाली घालून बसली होती. मारोतरावांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सातच हायेत गा, मास्तर. एक कमी पडून राहिला."

मी त्यांचा दंड दाबला, तेव्हा ओशाळून म्हणाले, "नाही, सहज सांगतलं. मले उगाच धकधक होऊन राहिली."

धकधक त्यांच्याकडे कायमची मुक्कामाला होती. सरकारी कचेरीत दिवसभर दुसऱ्यांनी काढलेले नकाशे गिरवायचे आणि संध्याकाळी आमच्या कलाकेंद्रात येऊन काळजी करायची, असा त्यांचा दिनक्रम. केंद्र म्हणजे धंतोलीत एका औषधांच्या दुकानावरची लांबट खोली. तिथे वर्षातून चार-पाच चित्रप्रदर्शनं, महिन्याला एक व्याख्यान आणि सुट्ट्यांमध्ये शिकवणीचे वर्ग चालत. मारोतराव चिटणीस आणि मी सहचिटणीस, म्हणजे सतरंज्या मी घालायच्या आणि त्या वाकड्या पडल्यात हे त्यांनी सांगायचं. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, लग्न व्हायचं होतं, आणि नाही म्हणता येत नाही हा माझा जुना आजार आहे. त्यातूनच हे पद माझ्या गळ्यात पडलं.

उन्हाळ्यातलं व्याख्यान म्हणजे तर मारोतरावांची परीक्षाच. कूलर लावला की त्याच्या घरघरीत वक्ता ऐकू येत नसे आणि बंद केला की श्रोते चुळबुळ करू लागत. मारोतराव बटणावर हात ठेवून भिंतीशी उभे राहत. वाक्य महत्त्वाचं वाटलं की कूलर बंद करत, कुणी रुमालाने मान पुसली की चालू करत. पुण्याहून आलेल्या एका विद्वानांचं शिल्पकलेवरचं अर्धं व्याख्यान असं कूलरच्या वाळ्याच्या वासात वाहून गेलं. शेवटी त्यांनी मारोतरावांना जवळ बोलावून विचारलं, "माझ्या भाषणातलं महत्त्वाचं काय, हे तुम्ही कसं ठरवलंत?" मारोतराव म्हणाले, "तुमी आवाज चढवला का मी बटण दाबो. पण लोकं उठून जातीन त काय करता, साहेब?"

लोक उठून जातील, लोक येणारच नाहीत, आले तर परत येणार नाहीत! मी चिडून म्हणायचो, "मारोतराव, नाही आले तर नाही आले. आभाळ कोसळणार आहे का?" त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत की मीच खिडकीत जाऊन रस्त्यावर कुणी येतंय का ते पाहायला लागे.

आता सात आणि आठ या आकड्यांचं सांगतो. खोली आप्पासाहेबांची. ते निवृत्त वकील, आणि वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी ती केंद्राला फुकट वापरायला दिली होती. त्यांची अट एकच. वर्गाला किमान आठ नावं हवीत, नाहीतर वर्ग रद्द. आठच का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि काय योग असेल तो असो, आमच्याकडे हमखास सातच नावं यायची. अशा वेळी मारोतराव खिशातून पेन काढून आठव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहीत.

त्यामुळे ते सगळंच शिकले आणि त्यांना काहीच आलं नाही. बाटिकच्या वर्गात त्यांनी एक लुंगी रंगवली. पहिल्याच घामाला तिचा निळा रंग सुटला आणि पंधरा दिवस मारोतराव कमरेखाली निळे होते, असं त्यांनीच मला विश्वासात घेऊन सांगितलं. पुष्परचनेच्या वर्गाला सात बायका आणि हे. शिकवणाऱ्या बाई सवयीने "आता सगळ्या मैत्रिणींनी देठ तिरके कापा" म्हणत आणि मारोतराव मुकाट्याने देठ तिरके कापत. पण कळस झाला तो नृत्याच्या वर्गात. दहा-दहा वर्षांच्या सात मुली आणि आठवे मारोतराव, वय वर्षं एकोणपन्नास. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम झाला, त्यात त्यांना झाडाचं काम मिळालं. वारा आला की झाडाने डोलायचं होतं. वारा आला, मुली गिरक्या घेऊन गेल्या, झाड काही हललं नाही. मागून विचारलं तर म्हणाले, "पालक मोजून राहिलो होतो गा. एकजण दरवाज्याकडे सरकला, मले वाटलं गेला."

ही सगळी विद्या त्यांच्या घरात मांडून ठेवलेली होती. महाल या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. त्याचा अर्धा भाग मारोतरावांचा. त्यात ते एकटेच राहत, लग्न केलेलं नव्हतं. वाकडे कुंभ, तिरक्या टोपल्या आणि एक निळी लुंगी अशा संसारात ते स्वतः पोळ्या लाटत. दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांचे थोरले बंधू सदाशिवराव आणि वहिनी. मधे एक अंगण, अंगणात एक नळ. आणि नऊ वर्षं या दोन भावांत एक शब्द नाही.

कारण मी एकदाच विचारलं होतं. वडिलांच्या तेरवीच्या दिवशी केंद्रात एका प्रदर्शनाचं उद्‌घाटन होतं आणि खोलीची चाबी मारोतरावांपाशी होती. लोक खोळंबतील म्हणून हे विधी अर्धे टाकून सायकलवर टांग मारून निघाले. प्रदर्शनाला कोण आलं होतं, असं मी विचारलं. मारोतराव म्हणाले, "कोणीच नाही." घरी परतले तेव्हा सदाशिवराव दारातच उभे होते. "तुले बाप नव्हता, चाबी होती," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. ते लागलेलं दार तसंच होतं. हे सांगताना मारोतरावांना रडू येईल की काय अशी मला भीती वाटली, पण त्यांनी विषय बदलून पुढच्या व्याख्यानाच्या सतरंज्यांचा काढला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आप्पासाहेबांच्या लक्षात आलं की दरवेळी आठवं नाव एकच असतं. हाडाचे वकील ते. त्यांनी नवा छापील अर्जच काढला. केंद्राचे पदाधिकारी विद्यार्थी म्हणून धरले जाणार नाहीत, त्यांचे जवळचे नातेवाईकही नाहीत, आणि खाली एक रकाना: 'केंद्राच्या पदाधिकाऱ्याशी नाते'. आमचे दोन वर्ग त्या अर्जापायी लागोपाठ रद्द झाले. मग निरोप आला. तिसरा वर्ग रद्द झाला तर खोली एका टायपिंग इन्स्टिट्यूटला देणार. त्यांच्याकडे मुलांची रांग आहे म्हणे. मातीकामाच्या वर्गाचे आठ अर्ज शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्या घरी पोचले पाहिजेत.

शनिवारी सकाळी आमच्याकडे सात होते.

"आता कसं होईन, मास्तर?" मारोतराव माझ्या दारात उभे होते. डोक्याला दुपट्टा, खिशात लू लागू नये म्हणून कांदा, आणि हातात कोरा अर्ज. दोन सायकलींवर आम्ही निघालो. डांबर विरघळून चाकांना चिकटत होतं.

बर्डीच्या बाजारातले पाट्या रंगवणारे पेंटर म्हणाले, "मी शिकवीन, शिकणार नाही." माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी प्रमाणपत्रावर सरकारी शिक्का असतो का विचारलं आणि नसतो म्हटल्यावर कूस बदलून झोपले. एक काकू तयार झाल्या, नाव सांगू लागल्या, तेवढ्यात आतून सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, घरात भांडे घासाची माती कमी हाये काय?" काकूंनी दार लोटून घेतलं. मारोतराव पानवाल्याला भेटले, न्हाव्याला भेटले. न्हाव्याने हो म्हणून गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि दाढी झाल्यावर नाही म्हणाला. प्रत्येक दारातून बाहेर पडताना ते माझ्या घड्याळात पाहत. दोन वाजले, साडेतीन वाजले. मी म्हटलं, "खोटं नाव घालू या. कोण तपासतंय?" खरं सांगायचं तर मला घरी जाऊन मडक्यातलं पाणी प्यायचं होतं.

"वर्गात कोन येईन मंग? तुमचं खोटं नाव?" मारोतराव म्हणाले. "जागा रिकामी दिसली का आप्पासाहेब समजून जाईन."

सव्वापाचला आम्ही महालातल्या त्यांच्या गल्लीत होतो. ते सायकलवरून उतरले. मला वाटलं, थकले, आता आपल्या खोलीत जाऊन पडतील. पण ते अंगण ओलांडून दुसऱ्या दाराशी गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. कडी वाजवायला हात वर करत आणि खाली घेत. शेवटी कडी मी वाजवली.

सदाशिवरावांनी दार उघडलं. उंच, पिळदार मिशा, डोळ्यांत झोप. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर माझ्याकडे वळवली. "बोला मास्तर, काय पाह्यजे ह्यायले?"

मारोतराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "मास्तर, दादाले सांगा, एक नाव पाह्यजे. मातीकामाले. आठ दिवस, रोज दोन तास. नाही तं खोली जाते."

एकमेकांपासून तीन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन भावांचे निरोप मी इकडून तिकडे पोचवत राहिलो. सदाशिवरावांनी मला विचारलं की माती कुठली, मी मारोतरावांना विचारलं, मारोतराव म्हणाले पारशिवनीकडची, तिकडूनच कुंभार येणार शिकवायला. सदाशिवरावांनी मला विचारलं की ह्या वयात माह्या बोटाले जमेन काय. मारोतराव मला म्हणाले की मले नव्हतं जमत, तरी मी केलंच ना. माझा डोळा घड्याळावर होता. पावणेसहा वाजले तेव्हा कुठे सदाशिवरावांनी हात पुढे केला. "आणा तो कागद."

खांबाला टेकून त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मी सायकलचं स्टँड काढलंसुद्धा. आठ झाले होते! गल्लीतून निघालो की आप्पासाहेबांचं घर दहा मिनिटांवर.

"हे काय हाये?" सदाशिवराव रकान्यावर बोट ठेवून थांबले. मी नियम समजावून सांगितला. नातं लिहिलं तर अर्ज बाद. 'नाही' लिहायचं.

सदाशिवराव थोडं हसले. ते हसू मला आवडलं नाही. "सांगा ह्यायले, 'नाही' लिवतो. खोटं कुठी हाये? नऊ वर्षं नाहीच तं हाये."

त्यांनी पेन टेकवलं आणि मारोतरावांनी ते धरलं. पेनच नव्हे, पेन धरलेला भावाचा हातच धरला. ज्या माणसाने आठव्या नावासाठी देठ कापले, जो झाड होऊन उभा राहिला, त्याने तो कागद ओढून घेतला आणि नकाशे गिरवून गिरवून घोटलेल्या अक्षरात रकान्यात लिहिलं: 'सख्खा मोठा भाऊ'.

"मारोतराव!" मी ओरडलोच. "अहो, सहाला दहा कमी आहेत. हा बाद झाला. सातच राहिले!"

"मले मोजता येते, मास्तर," ते म्हणाले. "पण हे मले नाही लिवू देता येत. नाही जमत."

सदाशिवरावांनी चष्मा आणून ते तीन शब्द वाचले. परत वाचले. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला वगळून विचारलं, "अन् तुहा वर्ग?"

"जाऊ दे, दादा."

सोमवारी वर्ग रद्द झाला. पुढच्या महिन्यात मी सतरंज्या गुंडाळून शाळेत नेऊन टाकल्या आणि त्या खोलीत टायपिंगची यंत्रं खडखडू लागली. त्या रस्त्याने जाताना अजून माझा जीव कासावीस होतो. आप्पासाहेबांशी भांडायला हवं होतं, असं मनात येतं. पण भांडायचं कशावरून, हे मला अजून सुचलेलं नाही.

त्या शनिवारी मात्र मी हातात सायकल धरून अंगणात उभा होतो आणि दोघे भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना. मग सदाशिवरावांनी मागे वळून घरात हाक मारली, "अवं, मारोती आला. पाणी आण."

आतून वहिनींचा आवाज आला, "कोन मारोती?"

"आपला वं," सदाशिवराव म्हणाले. "आपला मारोती."