ताईची नाजूक तब्येत

"माझी प्रतिकारशक्ती म्हणजे लोखंड आहे, लोखंड!" शाळेत खेळ शिकवणारा धाकटा भाऊ छातीवर थाप मारून म्हणाला, आणि त्याच दमात सात वेळा शिंकला. शेवटची शिंक तर अशी की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं!

घरात एकच धावपळ उडाली. त्याच्यासाठी नव्हे, ताईसाठी.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वय सेहेचाळीस, नोकरी वाचनालयात, आणि प्रतिकारशक्ती कमी. नवव्या वर्षी ती महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, "हिला जपा, ताकद कमी झालीय." तेव्हापासून सगळे तिला जपतच होते, आणि ती स्वतः तर सगळ्यांपेक्षा जास्त. पंख्याखाली बसायचं नाही, गार प्यायचं नाही, भिजायचं नाही. वाचनालयाची सहल दरवर्षी समुद्रावर जायची. ताई सगळ्यांच्या पिशव्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावायची, बस सुटली की हात हलवायची आणि घरी यायची.

"ताई, तुम्ही आतल्या खोलीत जा बघू!" वहिनीनं फर्मान काढलं. "जेवण दाराशी ठेवीन."

दुसऱ्या दिवशी लोखंड आडवं झालं. तिसऱ्या दिवशी वहिनी. चौथ्या दिवशी दाराबाहेरून भाचीचा रडवेला आवाज आला, "आत्या, मला पण ताप आलाय गं. आता तुला जेवण कोण देणार?"

ताई दोन पावलं मागे सरकली. पण पोरीला तसंच उभं ठेवणार कशी? तिनं नाकातोंडावर रुमाल बांधला आणि कडी काढली.

पुढचे चार दिवस ती नुसती भिंगरीसारखी फिरत होती. एकीला वाफ, दुसरीला गोळी, तिघांच्या चादरी. भावाचं कण्हणं थांबेना.

"ताई, माझं काही खरं नाही."

"शंभर ताप आहे तुला."

"फक्त शंभर?" तो चक्क दुखावला!

या धांदलीत ती स्वतःचाही ताप बघत होती, तासातासाला. येणार, आता येणार. येईना! तिघं उठून बसले, भांडायलाही लागले, तरी हिला साधी शिंक नाही. मग तिला खात्रीच पटली की थर्मामीटर बिघडलाय. तो पर्समध्ये टाकून तिनं दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी थर्मामीटर पाहिला, मग ताईला तपासलं. "दोघंही ठीक आहात."

"पण माझी प्रतिकारशक्ती कमी आहे हो."

"कुठल्या तपासणीत निघालं?"

ताईनं नवव्या वर्षाची हकिगत सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ते त्या आजारपणापुरतं म्हणाले असतील. नंतर मोठं काही दुखणं?"

ताई आठवत राहिली. आठवेना. "म्हणजे माझी... चांगली आहे?"

"चारचौघांसारखी असावी. या वेळी वाचलात म्हणजे पुढच्या वेळी वाचालच असं नाही. हात धुवा, झोप काढा, आजारी असलात तर घरी बसा. एवढंच सगळ्यांना सांगते."

चारचौघांसारखी! ताई बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. आनंद व्हायला हवा होता, पण ती बोटांवर वर्षं मोजत राहिली. सदतीस वर्षं! राग कुणावर काढणार? त्या डॉक्टरांवर? ते तर महिनाभराचंच बोलले होते. घरच्यांवर? त्यांनी मायेनंच केलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते सोयीचं होतं. नको त्या लग्नाला जायचं नाही, नको ते ओझं उचलायचं नाही. "माझी तब्येत नाजूक" म्हटलं की काम भागायचं. फक्त नको ते टाळता टाळता हवं तेही किती निसटलं, याचा हिशेब तिनं कधी मागितलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात तिनं सहलीच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आइस्क्रीम खाल्लं, बसमध्ये खिडकीशी बसली, आणि नाक लाल करून घरी परतली.

"बघ! सांगत नव्हतो?" भाऊ ओरडला. "तुझी प्रतिकारशक्ती..."

"आहे ना!" ताई नाक पुसत म्हणाली. "तिलाही जरा काम नको का? सदतीस वर्षं बसून आहे बिचारी!"

एवढं ऐटीत बोलून ती मुकाट्यानं आत जाऊन पडली. डोकं खरोखरच भयंकर ठणकत होतं.